बदलीचा पास: कामगार वर्ग गिरणीने घडवला की सरकारने?

लालबागचा_मुलगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

वडील गिरणीत होते, साचे खात्यात म्हणजे विणकामात, पण पर्मनंट कधीच झाले नाहीत. बदली म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतात तसे लागले आणि बदली म्हणूनच १९८२ च्या संपात बाहेर पडले. गेल्या महिन्यात गावच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली तर तळाशी त्यांचा बदलीचा पास मिळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला. हाच कागद आम्ही चार वर्षं शोधत होतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केला तेव्हा एका खिडकीवर आईला सांगितलेलं की "ते कामगार होते याचा पुरावा आणा." आई घरी येऊन रात्रभर बोलली नाही. आठ वर्षं डबा भरून दिला तिने त्या माणसाला.

नियम असा आहे की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव पाहिजे. म्हणजे कामगार कोण हे एका तारखेने ठरतं. आणि ही तारीख गिरणीने नाही ठरवली, सरकारने ठरवली. त्यावरून डोक्यात चक्र सुरू झालं, म्हणून हा धागा.

आपण नेहमी काय ऐकतो, की १८५० च्या दशकात कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढली, मग गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, चाळी झाल्या आणि त्यातून कामगार वर्ग तयार झाला. जणू यंत्र आलं की त्याच्या मागोमाग वर्ग आपोआप येतो. पण मी जसजसं वाचत गेलो तसतसं दिसायला लागलं की प्रत्येक पायरीवर सरकार उभं आहे. १८५९ चाच कायदा घ्या, उचल घेऊन काम सोडून गेलेल्या मजुराला कोर्टात खेचता यायचं, तुरुंगात टाकता यायचं. मालकाने करार मोडला तर मात्र साधा दिवाणी दावा. तो कायदा १९२५ पर्यंत होता, म्हणजे गिरणगावाची पहिली दोन पिढ्यांची माणसं त्याच्या छायेत जगली.

मग १८८१ चा फॅक्टरी कायदा. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या पोरांना नऊ तास. यामागे इथल्या पोरांची दया कमी आणि मँचेस्टरच्या मालकांना मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती जास्त, हे आता सगळेच मान्य करतात. १८९१ ला बायकांसाठी अकरा तास आले. आणि मोठा पुरुष? त्याच्या तासांना १९११ पर्यंत हातच लावला नाही. म्हणजे कायद्याने बाई आणि पोर म्हणजे 'सांभाळायची' माणसं ठरवली आणि पुरुष म्हणजे खरा कामगार, तो आपलं आपण बघून घेईल. ही फाळणी आधी कागदावर झाली आणि मग खात्याखात्यात उतरली असं माझं मत झालंय.

तुमच्या घरात कोणी गिरणी, गोदी, माग, हमाली यातलं असेल तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

कृष्णाकाठ

दादा, पास सापडला हे वाचून बरं वाटलं. पण मुद्दा पटला नाही, स्पष्टच सांगतो. तुम्ही सरकारला फार मोठं करताय. लोखंड्यांना कोणत्या सरकारने उभं केलं? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ ला साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. कायदा तेव्हा यातलं काही देत नव्हता. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मालकांच्या संघाने मान्य केली ती कामगारांनी सभा भरवल्या म्हणून. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, एक एक वर्षाला एक एक दिवस. त्या वेळी युनियनचा कायदाही नव्हता, तो आला १९२६ ला. आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप? गिरणी कामगार युनियनचे सभासद त्या वर्षात पन्नास हजाराच्या वर गेले. हे सगळं सरकारच्या नाकावर टिच्चून झालंय.

वर्ग माणसं घडवतात. गावकी, भजनी मंडळ, तालीम, खोलीत एकत्र राहणारी एकाच गावची दहा माणसं, यातून घडतो. सरकार मागून येऊन शिक्का मारतं.

लालबागचा_मुलगा

तुमचं म्हणणं खोटं नाही. पण १९२८ नंतर काय झालं ते बघा ना. मार्च १९२९ ला मीरत खटल्यात, म्हणजे कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात, ३१ जणांना पकडलं, त्यात गिरणी कामगार युनियनचे डांग्यांसारखे मुख्य पुढारी होते. त्याच वर्षी ट्रेड डिस्प्यूट्स कायदा आला. १९२९ चा दुसरा संप फसला. आणि मग १९३४ ला मुंबई सरकारने नवीन कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला, म्हणजे कामगाराचं गाऱ्हाणं मालकाकडे कोण मांडणार, तर सरकारचा माणूस. आधी पुढारी उचलायचे आणि मग रिकाम्या जागी आपला माणूस बसवायचा. याला नुसता शिक्का कसं म्हणायचं?

१९३५ ला बदली कंट्रोलची योजना आली. ती मालकांच्या संघाची, मान्य आहे, पण त्यामागे शाही श्रम आयोगाचा रिपोर्ट होता. जॉबरच्या, म्हणजे माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या हातून भरती काढायची म्हणून महिन्याच्या एक तारखेला मोजक्या माणसांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्याने रोज सकाळी हजर राहायचं, गैरहजर माणसाच्या जागी त्यातूनच घ्यायचं. जॉबरची लाचखोरी मोडायला हे चांगलंच होतं. पण त्यातून 'बदली' ही एक वेगळी जातच पक्की झाली. रोज गेटवर जाणारा पण रोज कामगार नसलेला माणूस.

कायद्याची_वही

मी कामगार कोर्टात वीस वर्षं वकिली केली, आता बंद केलीय. दोन्ही बाजू बरोबर आहेत पण मधला दुवा राहतोय तो लिहिते.

१९३८ चं बिल. मुंबई इलाख्यात खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्यांनी असा कायदा आणला की आधी समेटाची सगळी पायरी चढा आणि मगच संप करा, नाहीतर संप बेकायदा. याच्या विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडलं की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. दहा वर्षांपूर्वी म्हणजे १९२८ ला याच दोन प्रवाहांमध्ये केवढं अंतर होतं ते आठवा, कारण विणकामाच्या खात्यात जास्त पगार होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून. तो प्रश्न संपाच्या मागण्यांत घ्या असं बाबासाहेबांना सांगावं लागलं होतं. तर कृष्णाकाठ, तुम्ही म्हणता ती गावकी आणि भजनी मंडळं, ती जोडतही होती आणि तोडतही होती. १९३८ ला मात्र सरकारचा एक कायदा सगळ्यांवर सारखा येऊन पडला आणि दोघं एका मैदानात आले. सरकार वर्ग घडवतं ते असंही, त्याच्या विरोधात उभं राहताना.

आणि मग १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, आमच्या भाषेत बीआयआर. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबईचे कामगार मंत्री, ते अहमदाबादच्या मजूर महाजनातून आलेले. तिथली पद्धत, म्हणजे एका धंद्यात एकच संघटना आणि भांडणापेक्षा लवाद, ती त्यांनी कायद्यात बसवली. एका शहरात एका धंद्याला एकच 'प्रातिनिधिक युनियन', रजिस्ट्रारने नोंदलेली. पुढे कायद्यात २५ टक्के सभासदांची अट आली. ते सभासद मोजायचे रजिस्टरवरून, गुप्त मतदानाने नाही. मग ती युनियन पुढे उभी असली की, मोजके अपवाद सोडले तर, दुसऱ्या कुणाला कामगाराच्या वतीने बोलायचा हक्कच उरत नाही. खुद्द कामगारालाही. माझ्याकडे माणसं यायची, डोळ्यात पाणी, म्हणायची बाई आमचं म्हणणं तरी ऐका, आणि मला सांगावं लागायचं की तुमच्या वतीने बोलणारा आधीच ठरलाय. मी नवीन होते, मला रात्री झोप यायची नाही.

१९८२ चा संप पगारवाढीचा म्हणून सांगतात. पगार होताच, पण बीआयआर रद्द करा आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची, म्हणजे गिरण्यांतल्या त्या प्रातिनिधिक युनियनची मान्यता काढा ही मागणी तितकीच मोठी होती. १८ जानेवारीला अडीच लाखाच्या आसपास माणूस बाहेर आला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, आणि कायद्याच्या लेखी त्या माणसांचा प्रतिनिधी भलताच. सरकार सामंतांशी बोलायलाच तयार नव्हतं कारण कायद्याने त्यांना ओळखत नव्हतं. तो संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही.

नायगाव_पोलीस_लाईन

वकीलताई, १९८२ चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो. माझे वडील पोलीस शिपाई. आमच्या चाळीच्या पलीकडे गिरणीवाले राहायचे, एकच नळ, एकच गणपती. ऑगस्ट १९८२ ला मुंबईच्या पोलिसांनीही बंड केलं, त्यांची संघटना सरकारने बंद केली म्हणून. लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवशी रस्त्यावर पोलिसांच्या बरोबर गिरणीवालेही उतरले होते. वडिलांचे कितीतरी सोबती नोकरीतून गेले. माझं म्हणणं एवढंच की आमचे वडील पण महिन्याच्या पगारावर जगणारे, आठ बाय दहाच्या खोलीतले, पण कायद्याने त्यांना कामगार म्हणायची सोय नव्हती. काठी हातात दिली की माणूस दुसऱ्या बाजूचा होतो. त्या एका दिवशी तसं झालं नाही.

आणि चाळींचं पण लिहा कोणीतरी. बीडीडी चाळी सरकारनेच बांधल्या ना, १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. पैसा उभा केला कापसाच्या गाठीमागे रुपया कर लावून. १६० चौरस फुटाची खोली. सुरवातीला भाडं परवडत नाही म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवले होते. म्हणजे घर आणि तुरुंग यासाठी तीच इमारत चालली.

परळची_लेक

मी खानावळवालीची नात. आजी पंचवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची, तिन्ही पाळ्यांची माणसं, म्हणजे चूल जवळजवळ चोवीस तास. भोंगा व्हायच्या आत डबा. पगाराच्या दहा तारखेपर्यंत वाणी उधारीवर, पगार झाला की माणसं पैसे देणार, संप झाला की नाहीच देणार आणि तरी आजी जेवायला घालायची. गिरणी चालायला तेल लागायचं तसं हे जेवण लागायचं. पण हजेरीपटावर आजी कुठेच नाही. फॅक्टरी कायद्यात नाही, विमा योजनेत नाही, पीएफमध्ये नाही. घराच्या योजनेत तर प्रश्नच नाही.

तिची मोठी बहीण मात्र गिरणीतच होती, वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. तिचं ऐकलेलं सांगते. बायकांना रातपाळी नाही असा कायदा, बाळंतपणाचा भत्ता द्यायचा असा १९२९ चा कायदा. दोन्ही चांगले, भत्ता तर पाहिजेच होता. पण मालकांनी हिशोब केला की तीन पाळ्या चालवायच्या तर बाई रात्री चालत नाही, वर भत्ता द्यायचा, मग बाईच्या जागी पुरुषच घ्या. मशीनं नवी आली तेव्हा पहिली कात्री बायकांच्या खात्यांना लागली. पुढच्या चाळीस पन्नास वर्षांत गिरणीत बाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. सरकारने बाईला बाहेर काढलं असं मी म्हणणार नाही, पण मालकाला जबाबदार धरायचं कलम त्या कायद्यात नव्हतं आणि रिकाम्या झालेल्या बायका गेल्या कुठे हे कुणी विचारलं नाही. त्या आल्या आमच्यासारख्या खोल्यांमध्ये, पोळ्या लाटायला. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि बँकेचं कर्ज मिळायला लागलं तेव्हा पहिल्यांदा आजीने कुठल्यातरी फॉर्मवर व्यवसाय या रकान्यात काहीतरी लिहिलं. नाहीतर 'घरकाम'.

म्हणून लालबागचा_मुलगा यांच्या आईचं वाचून मला जास्त लागलं. पुरावा बाबांचाच मागितला. आईचा मागायचा विचारही कुणाच्या मनात आला नसेल.

माग_मालेगाव

मुंबईच्या गिरण्यांचं सगळे बोलतात, आमच्याकडे या. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी. पन्नासच्या दशकापासून सरकारने गिरण्यांच्या मागांवर मर्यादा घातली, हातमाग जगावा म्हणून. हेतू चांगला. वाढला मात्र यंत्रमाग, कारण त्याला कराची सवलत आणि फॅक्टरी कायद्याची भीती नाही. विजेवर चालणारा कारखाना असेल तर दहा माणसांपासून फॅक्टरी कायदा लागू व्हायचा. मग एकाच शेडमध्ये चार जणांच्या नावावर चार युनिट, एक भावाच्या, एक बायकोच्या. मधे भिंतही नसते. प्रत्येक युनिटमध्ये सहा सात माणसं. माग तेच, छत तेच, मालक तोच, आणि कायद्याच्या डोळ्यांना तिथे कारखानाच दिसत नाही. मी बारा तासांची पाळी केलीय, पगार मीटरवर, सूत खराब आलं तर तागा कमी निघतो आणि पैसे आपले जातात.

८२ च्या संपात मुंबई बंद होती तेव्हा कापड कुठून गेलं? आमच्याच मागांवरून. हे सांगताना मला जड जातं. पण आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की तुम्ही आणि ते एक आहात. युनियन वेगळी, कायदा वेगळा, इथे तर कायदाच नाही. एका धंद्यातले दोन कामगार, एकाला ग्रॅच्युइटी आणि दुसऱ्याला शुक्रवारी रोख हिशोब, यातून एक वर्ग कसा होणार तुम्हीच सांगा. आता २०२० च्या नव्या संहितेत तो दहाचा आकडा वीस केलाय. म्हणजे भिंती घालायची पण गरज नाही.

कृष्णाकाठ

माग_मालेगाव भाई, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी ८२ चा संप म्हटलं की गिरणगावच डोळ्यासमोर आणतो.

थोडं मागे येतो मी. पण पूर्ण नाही. कारण माझ्या घरची गोष्ट उलट आहे. वडील माथाडी, मूळ गाव पाटण तालुक्यात, दाणाबंदरला पोती वाहायचे. हमालाची मुख्य अडचण काय होती, तर त्याला मालकच नाही. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याची. हात मोडला तर कोणाच्या दारात जायचं? प्रत्येक जण म्हणणार हा माझा माणूस नाही. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली, बंद केले, मोर्चे काढले आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने माथाडी बोर्ड काढलं. टोळीची नोंदणी, कामगाराची नोंदणी, व्यापाऱ्याची पण नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, बोर्डात भरायची, बोर्ड पगार देणार आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. म्हणजे मालक एक नसला तरी कामगार कामगारच.

माझ्या वडिलांच्या हातात पहिल्यांदा ओळखपत्र आलं तेव्हा ते गावी घेऊन गेले होते दाखवायला. पुढे बाजार वाशीला हलवला सरकारने, वडील तिकडे गेले, आम्ही घणसोलीला राहायला आलो, मी कॉलेज केलं. हे बोर्ड नसतं तर मी हा धागा वाचत बसलो नसतो. तर हेही सरकारच आहे. पण ते माणसांनी वाकवून घेतलेलं सरकार आहे, माझा मुद्दा तोच होता.

कायद्याची_वही

आणि बघा, दोन्ही कायदे याच राज्यातले, मध्ये तेवीस वर्षांचं अंतर. एकाने असलेल्या कामगाराचा आवाज दुसऱ्याच्या हातात दिला आणि दुसऱ्याने ज्याला कामगार म्हणत नव्हते त्याला पटावर घेतलं. फरक मसुद्यात आहे. बीआयआर बनवताना मुख्य प्रश्न होता शांतता कशी राहील, गिरण्या चालू कशा राहतील. माथाडी कायद्यात मुख्य प्रश्न होता ह्या माणसाचा पगार कोण देणार.

फक्त माथाडीतही नोंदणीच्या आतला आणि बाहेरचा असे दोन भाग झालेत हे विसरू नका. आज त्याच मार्केटमध्ये ठेकेदाराची पोरं बिनानोंदणीची पोती उचलतात.

कृष्णाकाठ

हो. रोज बघतो. यूपी बिहारची पोरं आहेत बरीचशी. आमचीच काही माणसं त्यांना टोळीत घ्यायला तयार नसतात, हे पण लिहायला पाहिजे.

लालबागचा_मुलगा

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. परळची_लेक ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, खानावळीत कामाला लागायचा तिचाही विचार होता, ८३ साली, वडिलांनी नको म्हटलं आणि मग ती घरात पापड लाटायला लागली. म्हणजे ती पण कामगार होती आणि मलाही कळलं नव्हतं, मी धाग्यात 'डबा भरून दिला' एवढंच लिहिलं.

नायगाव दादा, चाळीवर वेगळा धागा काढा, मी लिहीन. आमच्या गिरणीच्या जमिनीचं काय झालं ते पण त्यात येईल. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश महापालिकेला मोकळी जागा, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला असं होतं, २००१ ला दुरुस्ती करून हा हिशोब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर आणला आणि सुप्रीम कोर्टानेही २००६ ला ते चालू दिलं. घरं कमी का पडली याचं उत्तर त्या एका दुरुस्तीत आहे.

वकीलताई, पासबद्दल तुम्ही व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगितलंत त्याप्रमाणे झेरॉक्स साक्षांकित करून घेतल्या, सोबत पीएफची एक जुनी स्लिप पण निघाली, ती जोडतोय. सोमवारी जाऊन देणार.

काल रात्री पासावरच्या हजेरीच्या खुणा मोजल्या. मार्च १९८१ मध्ये एकोणीस. एप्रिलमध्ये बावीस, बहुतेक लोक गावी गेले असतील लग्नसराईला म्हणून यांना काम लागलं. जूनमध्ये सात. मी आईला विचारलं, जूनमध्ये पेरणीला गावी गेले होते का. ती म्हणाली, नाही, रोज सकाळी सहाला गेटवर जायचे आणि परत यायचे.